मामाचा यशिका इलेक्ट्रो ३५ : दुरुस्तीच्या आणि रोलच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

चिपळूणहून पुण्याला परतताना मामाचा कॅमेरा बरोबर आणला. यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. मामाने तो १९७६ मध्ये मस्कतला घेतला आणि पुढची वीस-बावीस वर्षं आमच्या घरातली बारशी, मुंजी, लग्नं सगळी यानेच टिपली. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतले अल्बम गेले. कॅमेरा माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होता, तो वाचला. मामा आता ७८ वर्षांचा आहे. मी त्याला म्हटलं, "गणपतीपर्यंत चालू करून देते, यंदाचे फोटो तू काढ." तो काही बोलला नाही, पण ट्रंकेतून कातडी पिशवी स्वतःच काढून आणली. गणपती ७ सप्टेंबरला आहेत. मला वाटतंय, महिनाभरात काम उरकेल.

हाच कॅमेरा अजून पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेला असणार, म्हणून नोंदी ठेवतेय. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते, त्यामुळे सोल्डरिंगची सवय आहे. कॅमेरा मात्र आजवर उघडलेला नाही. स्वतः शेवटचा रोल २००४ साली काढला होता.

आजची तपासणी. ४५ मिमी एफ/१.७ लेन्स समोरून स्वच्छ दिसते. मागून टॉर्च मारला तर कडेला बुरशीचे दोन-तीन धागे आहेत, ते फोटोत येणार नाहीत. फिल्म पुढे ओढायचा लिव्हर फिरतो, शटर उडतं. पण त्यावर खूश होऊ नका. या कॅमेऱ्यात बॅटरी नसली तरी शटर उडतं, फक्त प्रत्येक वेळी १/५०० सेकंदानेच. एरवी लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं आणि वेळ कॅमेरा ठरवतो, १/५०० पासून थेट ३० सेकंदांपर्यंत. म्हणजे वीज नसेल तर उजेडाचं मोजमापच नाही. मागचं दार उघडलं तर प्रकाश अडवणाऱ्या फोमचा डांबरासारखा लगदा झालेला. बॅटरीचं झाकण जागचं हलत नाही.

२० एप्रिल, शनिवार

झाकणाला नाण्याची खाच आहे. मी नाणं घालून जोर लावला आणि खाचेची एक कड चेपली. मग शहाणपण सुचलं. झाकणाच्या कडेने गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि रात्रभर ठेवलं. सकाळी रबरी हातमोजा घालून तळव्याने दाबून फिरवलं, सुटलं.

आत जुनी बॅटरी फुगून बसलेली. ही पाऱ्याची असते, ५.६ व्होल्टची, आता बाजारात मिळत नाही. ती हाताने खरवडू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. मी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली आहे, ई-कचरा घेणाऱ्यांकडे देईन. खोबणीतला हिरवा-पांढरा थर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन काढला, नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं. एकूण १४ काड्या लागल्या.

तरीही मल्टिमीटर लावून पाहिलं तर वीज पुढे जाईना. तळाचं झाकण उघडलं. बॅटरीच्या खोबणीतून निघणारी वायर वरून लाल दिसत होती, आत तांबं काळं पडून भुगा झालं होतं. तीन सेंटिमीटर कापून नवी वायर जोडली. ज्यांची बॅटरी आत राहून गेली आहे त्यांनी ही वायर आधी तपासावी, पुढचे उद्योग नंतर.

एक गोष्ट कळायला उशीर झाला. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू आपल्या नेहमीच्या चौफुलीसारखे दिसतात, पण त्यांची खाच वेगळी असते. साध्या पेचकसाने डोकी सोलवटतात. तळाचा एक स्क्रू मी खराब केला. मग जपानी मापाचा संच मागवला, ₹४५०.

२८ एप्रिल, रविवार

आता बॅटरी. घड्याळजीकडे मिळणारे एलआर४४ सेल चार घेतले, एकावर एक रचले की ६ व्होल्ट होतात. पोस्टकार्डच्या कागदाची नळी करून त्यात ते बसवले. मूळ बॅटरी यापेक्षा लांब आणि जाड होती. उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग आणि ॲल्युमिनियम फॉइलची घट्ट गोळी घातली. खर्च ₹८०. ५.६ ऐवजी ६ व्होल्ट दिल्याने मोजमापात फरक पडेल का, ही काळजी होती. पुढे निगेटिव्हमध्ये तसा काही फरक दिसला नाही.

बॅटरी तपासायचं मागचं बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागला. पंचवीसेक वर्षांनी! मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला.

आनंद अर्धा तास टिकला. शटरचं बटण अर्धं दाबल्यावर उजेड कमी असेल तर पिवळा आणि जास्त असेल तर लाल दिवा लागायला हवा. खोलीत अंधार केला तरी पिवळा लागेना. मामाला फोन केला. तो म्हणाला, "लिव्हर ओढ बघू फोनजवळ." ओढला. "परत ओढ." परत ओढला. मग म्हणाला, "टक् नाही आला गो. लिव्हर पुरा ओढला की आत टक् वाजायचा. तो आवाज आल्याशिवाय मी फोटो काढत नसे."

इतक्या वर्षांनी त्याच्या कानात तो आवाज शाबूत होता. आणि दुखणं नेमकं तेच निघालं. या कॅमेऱ्यात शटरच्या बटणाशी जोडलेला एक दांडा असतो, तो परत येताना रबराच्या छोट्या तुकड्यावर टेकतो. ते रबर वयाने विरघळतं, गळून पडतं. मग दांड्याची जागा चुकते आणि आतले विजेचे संपर्क हव्या त्या क्षणी जुळत नाहीत की तुटत नाहीत. इलेक्ट्रो ३५ च्या सगळ्या भावंडांचा हाच रोग आहे. विकत घेताना लिव्हर ओढा आणि कान द्या.

५ मे, रविवार

वरचं झाकण काढलं. रोल गुंडाळायची मूठ काढताना आतला काटा पेचकसाने अडवून धरायचा आणि वर मूठ उलटी फिरवायची. लिव्हरवरची टोपी, मग बारीक स्क्रू. झाकण एकदम उचलू नका. जीएसएनला वर हॉट-शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच आहे, त्याची वायर झाकणाबरोबर ओढली जाते. माझी तुटली नाही, पण ती नशिबाची गोष्ट. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत गेले आणि स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले.

आता या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक लिहिते. रबरापर्यंत पोचायचं होतं, पण वरून उघडलंच आहे तर व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या) काचा पुसून घेऊ, असं मनात आलं. काचांवर धुकं होतंच. रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे अंतर जुळवून फोकस करायच्या यंत्रणेत, मधोमध एक तिरकी काच असते, तिच्यावर सोनेरीसर झाक असलेला अर्धपारदर्शक मुलामा असतो. समोरच्या खिडकीतलं चित्र तिच्यातून आरपार येतं, बाजूच्या छोट्या खिडकीतलं चित्र तिच्यावर आपटून डोळ्यात येतं. ही दोन चित्रं एकमेकांवर आणायची म्हणजे फोकस झाला. रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं सगळं सुख त्या एका काचेवर उभं आहे. मी तिच्यावर अल्कोहोलची काडी फिरवली. एकदाच. काडी सोनेरी होऊन बाहेर आली.

मुलामा निम्म्याहून जास्त गेला. ते दुसरं चित्र ज्यात दिसतं तो मधला पिवळसर ठिपका आता उन्हात पुसट दिसतो, खोलीत जवळपास नाहीच. त्या काचेला हात लावू नका. धूळ असेल तर फुग्याने हवा मारा, तेवढंच. बाकीच्या काचा खुशाल पुसा.

रात्री बराच वेळ काही केलं नाही.

१२ मे, रविवार

पुढचं रेक्झिन सोलून, त्याखालचे स्क्रू काढून लेन्ससकट पुढची पट्टी मोकळी केली. रेक्झिनखाली अल्कोहोल सोडत, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचललं, म्हणून फाटलं नाही. मागे वायरी आहेत. पट्टी पूर्ण वेगळी करायला जाऊ नका, बाजूला कलती करून पुस्तकावर टेकवली की पुरतं.

रबराच्या जागी फक्त काळा डाग होता. पहिल्यांदा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. सगळं जोडलं, लिव्हर ओढला, आवाज नाही. तुकडा पातळ. परत सगळं उघडलं. दुसऱ्यांदा नळाच्या वॉशरमधून कापलेला दीड-दोन मिलिमीटर जाडीचा कडक तुकडा बसवला. लिव्हर ओढला. टक्.

बटण अर्धं दाबलं, पिवळा दिवा लागला. टॉर्च समोर धरला, लाल लागला. मामाला फोन लावून फक्त लिव्हर ओढून ऐकवला. तिकडून काही क्षण शांतता, मग मामीचा आवाज आला, "अगं, तो उठून उभाच राहिला."

एकूण पाच तास, त्यातले तीन पहिल्या तुकड्यापायी. पूर्ण जोडण्याआधी, पट्टी नुसती दाबून धरून, लिव्हर ओढून पाहायला हवा होता.

१९ मे, रविवार

दाराचे फोम. दातकोरणी, अल्कोहोल, जुने कपडे. लगदा शटरवर पडू नये म्हणून आत कागद अडकवून ठेवला. खाचांमध्ये तुळशीबागेतून आणलेली काळी लोकर दाबली, बिजागरीच्या बाजूला काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली. ₹९०, दोन तास. कुठलीही अडचण आली नाही.

२६ मे, रविवार

रोल घेतले. इल्फर्डचा एचपी५ प्लस, ४०० एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा), ₹१,०५० ला एक. पूर्वी मामा इंदूचे रोल वापरायचा, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. तो कारखाना आता बंद आहे. कृष्णधवल निवडायचं कारण साधं आहे, ते घरी धुता येतं.

पर्वतीवर गेले. मे महिन्याच्या उन्हात ४०० एएसए म्हणजे छिद्र एफ/११ पेक्षा मोठं केलं (म्हणजे आकडा कमी) की लाल दिवा. मामाचा नियम मला आता पाठ झाला आहे: लाल लागला तर रिंग फिरवायची, पिवळा लागला तर कशाला तरी टेकायचं. त्यातच सगळी युक्ती आहे. पिवळा म्हणजे वेळ १/३० सेकंदापेक्षा जास्त, हात हलला तर फोटो हलला.

एकेका फोटोसाठी किती थांबावं लागतं, हे मी विसरून गेले होते. पायऱ्यांवर एक आजोबा शेंगा सोलत बसले होते. मोबाइल असता तर मी दहा फोटो काढून पुढे गेले असते. इथे ठिपका पुसट, त्यात त्यांच्या चष्म्याच्या दोन काड्या एकावर एक आणायच्या. ते मान वर करेपर्यंत मी तिथेच उभी. शटरचा आवाज इतका हलका की त्यांना कळलंही नाही. मग मीच सांगितलं.

२ जून, रविवार

रोल धुतला. पूर्ण कोरा.

रोल धुवायची टाकी जुनी घेतली होती, ₹१,५००. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) डी-७६, एकास एक पाणी, २० अंशांना ११ मिनिटं. नळाचं पाणी २८ अंशांवर होतं, म्हणून बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवल्या. पहिला संशय डेव्हलपरवर गेला. पण फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फोटोंचे आकडे काळेभोर, स्वच्छ आले होते. ते कारखान्यातच उमटवलेले असतात. ते आले म्हणजे डेव्हलपर आणि हायपो (ते चित्र पक्कं करणारं रसायन) दोन्ही ठीक. म्हणजे फिल्मवर उजेडच पडलेला नाही.

म्हणजेच रोल पुढे सरकलाच नव्हता. फिल्मचं टोक ती ओढून घेणाऱ्या चक्राच्या फटीतून सुटलेलं, आणि मी ३६ वेळा लिव्हर ओढून आकडा पुढे जाताना पाहत बसले. शेंगा सोलणाऱ्या आजोबांचा फोटोही गेला. उपाय: रोल भरून दार लावलं की गुंडाळायच्या मुठीने फिल्मचा ढिलेपणा काढून घ्यायचा, आणि लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरते का, हे पाहायचं. फिरली तरच फिल्म सरकते आहे. प्रत्येक फोटोला पाहायचं.

९ जून, रविवार

दुसरा रोल. मूठ फिरताना पाहिली. धुतल्यावर ३६ पैकी २९ फोटो आले. सात कोरे, कारण लेन्सवर झाकण होतं. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. उजेड मोजणारा डोळाही बाहेर, वेगळा. झाकण असलं तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. झाकण ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ५५ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर कायमचा लावला. पिवळा फिल्टर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो डोळा फिल्टरच्या मागे नाही. एएसएची रिंग ४०० वरून २०० वर हातानेच आणावी लागते.

आलेल्या २९ मध्ये जवळच्या सगळ्या फोटोंत फोकस माणसाच्या मागे गेलेला. आईचा फोटो होता, तिच्या कानामागची भिंत सुरेख आली आहे.

१६ जून, रविवार

रेंजफाइंडर जुळवणं. लेन्स बरोबर आहे की रेंजफाइंडर, हे आधी ठरवावं लागतं. मागचं दार उघडून, फिल्म जिथून जाते त्या दोन रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर 'बी' वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) उघडं धरलं, छिद्र पूर्ण उघडं. लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर) ठेवून दूरची वस्तू कागदावर भिंगातून पाहायची. माझा बेत सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा वापरायचा होता, गच्चीतून समोर दिसतो. पाऊस सुरू झाला आणि मनोरा ढगात गेला तो दिसेचना. आठवडा असाच गेला. शेवटी रात्री दूरच्या टेकडीवरचा एक दिवा घेतला. ते जास्त सोपं ठरलं, ठिपक्याचा ठिपका जुळवायचा.

लेन्स बरोबर निघाली. रेंजफाइंडर अनंताच्या अलीकडेच थांबत होता. वरचं झाकण परत काढलं, अनंताचा स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला, जुळलं. पण या पुसट ठिपक्यात जुळवताना मला तीन रात्री लागल्या.

७ जुलै, रविवार, चिपळूण

कॅमेरा मामाच्या हातात दिला. त्याने लिव्हर ओढला, टक् ऐकला, डोळ्याला लावला, पडवीतून अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. फोकसची रिंग इकडून तिकडे फिरवली. पुन्हा फिरवली. मग हळूच म्हणाला, "मला एकच दिसतंय. दुसरी तुळस कुठेय?"

त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी पुसट ठिपका त्याला दिसत नाही. मी त्याला काय झालं ते सांगितलं, काचेवर काडी फिरवली ते सगळं. तो म्हणाला, "राहू दे, तू काढ, मी बघतो." मला ते नको होतं.

तात्पुरता उपाय केला. समोरच्या मोठ्या खिडकीच्या बाहेरून, बरोबर मध्यभागी, काळ्या टेपचा बारीक चौकोन चिकटवला. त्याने मधल्या भागातलं थेट चित्र अंधारतं आणि ठिपक्यातलं चित्र उठून दिसतं. ही युक्ती खरंच चालते, ज्यांचा मुलामा थोडाच उतरलाय त्यांनी आधी हेच करावं, फुकट आहे. अंगणात मामाला दिसलं. घरात, देवघरापाशी, नाही. आणि गणपती घरातच बसतात.

१४ जुलै, रविवार

जुना बाजार, पावसात. काच काढून घेण्यासाठी मेलेला इलेक्ट्रो हवा होता. दोन फेऱ्यांत काही नाही. एकाकडे रशियन झोर्की होता, चांगला वाटला, पण मला आता दुसरा कॅमेरा नको आहे. (कुणी घेतलाच तर शटरचा वेग लिव्हर ओढल्यानंतरच बदला. आधी बदलला तर आतली यंत्रणा बिघडू शकते.) शेवटी ताडपत्रीखाली एक इलेक्ट्रो ३५ सापडला. लेन्स बुरशीने पांढरी, शटर अडकलेलं, दार वाकलेलं. डोळ्याला लावला आणि पिवळा ठिपका झळझळीत दिसला. विक्रेता लेन्सकडे बघून किंमत कमी करत होता, मी ठिपक्याकडे बघून घेतला. ₹१,१००.

४ ऑगस्ट, रविवार

मधला काळ वाया गेला. २५ जुलैला मुठा नदीचं पाणी एकता नगरीत शिरलं, तिथल्या मैत्रिणीचं घर साफ करण्यात आठवडा गेला. तिचेही अल्बम ओले झाले. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. तसेच स्वच्छ पाण्यात ठेवून सुटू द्या आणि एकेक करून दोरीवर वाळवा. आम्ही साठेक वाचवले.

आज काच बदलली. मेलेल्या कॅमेऱ्यातली काच डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटवलेली असते. ब्लेडच्या टोकाने एकेक ठिपका कुरतडत सोडवली, चाळीस मिनिटं, श्वास रोखून. काच कडांनीच धरली. माझ्या कॅमेऱ्यातली जुनी काच काढताना तुटली, तिचं दुःख नाही.

चिकटवायला झटपट सुकणारा गोंद वापरू नका, त्याच्या वाफेने शेजारच्या काचा पांढऱ्या होतात. दोन ट्यूबांचा, हळू सुकणारा इपॉक्सी घेतला. तो वाळेपर्यंत काच हलवता येते, आणि तेच हवं असतं. कॅमेरा गच्चीत तिपाईवर बांधला, समोरच्या इमारतीच्या टाकीवरची अँटेना पाहत काच दातकोरणीने केसभर इकडे, केसभर तिकडे. दोन चित्रं आडवी जुळली तरी उभी जुळायला हवीत. एक वर, एक खाली राहिलं तर डोळा दमतो. दीड तासाने जुळलं. रात्रभर हात लावला नाही. अनंताचा स्क्रू पुन्हा लावावा लागला, म्हणजे जूनमधल्या तीन रात्री फुकट गेल्या. आधी काच, मग जुळवणं, असा क्रम ठेवा.

संध्याकाळी दिवे न लावता घरात पाहिलं. खुंटीवरच्या छत्रीच्या दोन मुठी सरकत सरकत एक झाल्या. या कॅमेऱ्यात मी हे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

१८ ऑगस्ट, रविवार

तिसरा रोल चाचणीचा. भिंतीला तिरकं वर्तमानपत्र लावून १ मीटर, २ मीटर, ३ मीटर अंतरावरून, एफ/१.७ वर, एका ठरलेल्या ओळीवर फोकस. तीनही अंतरांवर ती ओळ धारदार. ०.८ मीटरवर (याहून जवळ हा कॅमेरा जात नाही) किंचित मागे. चालेल.

पावसाळ्यात रोल धुणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्लास्टिकची रीळ दमट असेल तर फिल्म त्यात सरकत नाही, अंधारात मध्येच अडकते. आधी हेअर ड्रायरने सुकवा. आणि शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने न करता डिस्टिल्ड वॉटरने, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. पहिल्या दोन रोलांवर क्षारांचे डाग होते, यावर नाहीत. वाळायला मात्र पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस लागला.

१२ सप्टेंबर, गुरुवार, चिपळूण

आज गौरी-गणपती गेले. रोल मामानेच भरला, मी फक्त मूठ फिरते का ते पाहिलं. त्याने ते आपणहून पाहिलं होतं.

पहिला फोटो सात तारखेला संध्याकाळी, आरतीआधी. ट्यूबलाइट त्याने बंद करायला लावला, समई आणि निरांजन तेवढं. रिंग एफ/१.७ वर. मूर्तीच्या चेहऱ्यावर ठिपका ठेवून त्याला जमेना, कडा सापडत नव्हती. मग त्याने स्वतःच ठिपका शेजारच्या निरांजनाच्या ज्योतीवर नेला. मी मागे उभी होते. तो पुटपुटत होता, "दोन आहेत... दोन आहेत... आता एक." पिवळा दिवा लागला होता. त्याने खांदा दाराच्या चौकटीला टेकवला आणि श्वास सोडून बटण दाबलं. अंधारात फोकस करायचा तर ज्योत, चष्म्याची काडी, साडीचा काठ असं काहीतरी उजळ किंवा धारदार शोधा. हे मी पाच महिन्यांत शिकले नव्हते.

पाच दिवसांत त्याने ३६ फोटो काढले. एका प्रसंगाचा एकच. तेरड्याची गौर घरात येताना मी म्हटलं, "अजून एक घे." तो म्हणाला, "कशाला? आला तो."

२२ सप्टेंबर, रविवार

चौथा रोल धुतला. त्याच मापाने, २० अंश, ११ मिनिटं. ३६ पैकी ३१ चांगले. दोन हललेले, एकात मामाचं बोट लेन्ससमोर, दोन विसर्जनाच्या वेळचे, उजेड फारच कमी. निरांजनाचा फोटो आला आहे. ज्योत जळून पांढरी झाली आहे, पण मूर्तीचे डोळे स्पष्ट आहेत आणि मागे टाळ धरलेला नातवाचा हात. अकरावा फोटो मामीचा, स्वयंपाकघरात, मोदकाची पारी हातावर. तिच्या बांगड्यांवर फोकस आहे, एकेक काचेची धार दिसते. आमच्याकडे मामीचे तरुणपणीचे फोटो उरलेले नाहीत. हा मोठा करून घेतेय.

एकूण खर्च: रोल ५ ₹५,२५०, डेव्हलपर आणि हायपो ₹१,६००, टाकी ₹१,५००, मेलेला कॅमेरा ₹१,१००, पेचकस ₹४५०, अल्कोहोल ₹२५०, सेलचे दोन संच ₹१६०, लोकर-मखमल ₹९०, इपॉक्सी ₹६०. बेरीज ₹१०,४६०. वेळ पाच महिने. काचेला हात लावला नसता तर जूनमध्ये संपलं असतं.

राहिलेलं काम: बॅटरीच्या झाकणाची चेपलेली खाच, आणि कडेच्या बुरशीवर नजर. मामाला सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा दिला आहे. पुड्या पावसाळ्यात दर महिन्याला तव्यावर सुकवायच्या, तेही मामीला दाखवलं.

पाचवा रोल मामाकडेच कॅमेऱ्यात आहे. आज फोन आला. आकडा ९ वर आहे म्हणाला, आणि रोल संपल्यावर गुंडाळायच्या आधी दाबायचं बटण खाली तळाला होतं तेच ना? हो, तेच. दाबलं की मुठीवरची दांडी उघडून बाणाच्या दिशेने फिरव, एकदम हलकी लागेपर्यंत, आणि तोवर दार उघडू नकोस.